पाण्याच्या यंत्राआधी अनामतीचे बघा

पुण्यातील धायरी परिसरातील २४ सदनिकांच्या एका इमारतीत भाड्याने राहणाऱ्या वाचकांचे पत्र आले आहे. त्याचा सारांश असा: नळाला गेले दोन महिने पिवळसर, गाळ असलेले पाणी येते. पाऊस झाला की त्याला गटारासारखा वास येतो. चार वर्षांच्या मुलीला दोनदा उलट्या-जुलाब झाले. एका विक्रेत्याने घरी येऊन प्रात्यक्षिक दाखवले आणि संपूर्ण घरासाठी सॉफ्टनर व स्वयंपाकघरासाठी आरओ (पाण्यातले क्षार काढणारे शुद्धीकरण यंत्र) असा ७८ हजारांचा संच सुचवला. दरमहा ३,२५० रुपयांचे २४ बिनव्याजी हप्ते आणि वर्षाला साडेसात हजारांचा देखभाल करार, असा तो प्रस्ताव आहे. "घर हेवी डिपॉझिटवर असल्याने भाडे द्यावे लागत नाही, त्यामुळे हप्ता परवडेल. संच घ्यावा की साधे यंत्र घ्यावे?" असा त्यांचा प्रश्न आहे. भाड्याऐवजी घरमालकांकडे ठेवलेली, घर सोडताना परत मिळणारी ही अनामत १४ लाखांची असून त्यातील ९ लाख वडिलांच्या निवृत्तीच्या मुदत ठेवी मोडून आणि ५ लाख १४ टक्के दराच्या वैयक्तिक कर्जातून उभे केले आहेत. दहा लाख बँकेतून आणि चार लाख रोख दिले. करार २४ महिन्यांचा, फक्त नोटरी केलेला. त्यातले नऊ महिने झाले. घरमालकांनी या सदनिकेवर गृहकर्ज काढल्याचे सोसायटीच्या सेक्रेटरींकडून नुकतेच कळले आहे. हातात येणारा पगार ६२ हजार, घरखर्च सुमारे ३५ हजार आणि शिल्लक ४० हजार.

विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते लहान आहे: संच घेऊ नका.

विक्रेत्याने दोन पेल्यांत कांड्या बुडवून वीज सोडली, तुमचे पाणी तपकिरी झाले आणि आरओचे स्वच्छ राहिले, असे तुम्ही लिहिले आहे. तो तपकिरी गाळ पाण्यातला नसून लोखंडी कांडीचा असतो. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे कांडीचे लोखंड सुटून गंज तयार होतो. आरओच्या पाण्यात क्षार जवळजवळ नसल्याने काहीच घडत नाही. त्या स्वच्छ पेल्यात चिमूटभर मीठ टाकायला सांगितले असते, तर तोही तपकिरी झाला असता. हा खेळ अजूनही घरोघरी चालतो आणि शिकलेली माणसे त्यावर सही करतात, याचा मला खरोखर संताप येतो. याच विक्रेत्याने मीटरवर मोजून पाण्याचा टीडीएस (एका लिटरमध्ये विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) १९० असल्याचे स्वतःच्या हाताने माहितीपत्रकावर लिहून दिले आहे. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० पर्यंत टीडीएस चालतो, आणि त्याहून कमी टीडीएस असेल तेथे आरओ वापरू नये, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्येच म्हटले होते. टीडीएसच्या आकड्यात जंतू दिसत नाहीत. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा घालवतो, गाळ किंवा मैला नव्हे. म्हणजे तुमची तक्रार एक आणि तुम्हाला विकले जाणारे औषध दुसरेच, आणि तेही दुसऱ्याच्या मालकीच्या घराच्या नळजोडणीत कायमचे बसवायचे.

पावसानंतर वास येणे हे भूमिगत टाकीत किंवा जलवाहिनीत सांडपाणी झिरपत असल्याचे लक्षण असू शकते. सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन-बॅरे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा संशय दूषित पाण्यावरच गेला होता. तुम्ही त्याच भागात राहता, म्हणून ही गोष्ट हलक्यावारी नेऊ नका. आजपासून पिण्याचे पाणी गाळून, खळखळून उकळून घ्या. राज्य सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेतून किंवा मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेतून जंतुपरीक्षण करून घ्या. नमुन्यासाठी निर्जंतुक बाटली तेथूनच न्या. शंभर मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हे मैल्यातले जंतू अजिबात आढळता कामा नयेत. अहवालाची प्रत जोडून सोसायटीला आणि महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी तक्रार द्या. टाकी उपसून, घासून, क्लोरीन घालून घेण्याचे कोणी वीस हजार मागितले, तरी प्रत्येक सदनिकेच्या वाट्याला साडेआठशेही येत नाहीत. अठ्ठ्याहत्तर हजारांशी हा आकडा ताडून पाहा. पुढे गरज वाटलीच तर गाळ अडवणारी गाळणी आणि अतिनील किरणांनी जंतू मारणारे साधे यूव्ही यंत्र पुरेल. गाळ असलेल्या पाण्यावर यूव्हीचा प्रकाश नीट काम करत नाही, म्हणून गाळणी आधी.

आता तुम्ही न विचारलेल्या गोष्टीकडे येतो. तुमच्या घराला भाडे नाही, हा समज चुकीचा आहे.

मुदत ठेवींवर ७ टक्के धरले तर वडिलांच्या ९ लाखांचे वर्षाला ६३ हजार बुडतात. वैयक्तिक कर्जाचे पहिल्या वर्षीचे व्याज ६५ हजारांच्या आसपास जाते. दोन्ही मिळून सव्वा लाखाच्या थोडे वर, म्हणजे महिन्याला साडेदहा हजार भाडे तुम्ही देतच आहात. तुमच्याच इमारतीत अशा सदनिकेचे भाडे २० हजार आहे, असे तुम्ही कळवता. म्हणजे वाचले ते महिन्याला साडेनऊ हजार, वर्षाला एक लाख चौदा हजार. एवढ्यासाठी १४ लाख पणाला लावले आहेत.

हाच हिशेब घरमालकांच्या बाजूने करून पाहा. ते वर्षाला २ लाख ४० हजारांचे भाडे सोडतात आणि त्याबदल्यात १४ लाख वापरायला घेतात. हा दर १७ टक्के पडतो. घर तारण ठेवून गृहकर्ज याच्या निम्म्याने मिळते. मग एखादा माणूस १७ टक्क्यांनी पैसे का उचलेल? एकतर बँक त्यांना आणखी कर्ज देत नाही, किंवा त्यांना पैशांची निकड आहे आणि ती बँकेला कळू द्यायची नाही. दोन्ही शक्यतांत तुम्ही भाडेकरू कमी आणि विनातारण सावकार जास्त ठरता. फरक इतकाच की सावकार निदान कर्जदाराची पत तपासतो.

गृहकर्जाची बातमी तुम्ही पत्राच्या शेवटी, जाता जाता लिहिली आहे. ती पहिल्या ओळीत हवी होती. कर्जाचा हप्ता ९० दिवस थकला की खाते अनुत्पादित ठरते, त्यानंतर थकीत कर्जवसुलीच्या २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस निघते आणि पुढे बँक ताबा घेऊ शकते. पहिल्या थकलेल्या हप्त्यापासून तिथवर जायला पाच-सहा महिनेही पुरतात. बँकेच्या संमतीविना केलेला, नोंदणी नसलेला करार घेऊन तुम्ही बँकेपुढे उभे राहाल, तेव्हा तुमच्या १४ लाखांचा विचार करण्याचे तिला कारण नसेल. ती रक्कम तुम्हाला मालकांकडूनच वसूल करावी लागेल, आणि त्यांच्याकडे पैसे असते तर हप्ता थकलाच नसता.

करार नोंदणीकृत करण्याची जबाबदारी १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे घरमालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. मात्र त्या आधाराने वाद जिंकता येईल, पैसे मिळतीलच असे नाही. नोंदणीचा खर्च किती होता? परताव्याच्या अनामतीवर वर्षाला १० टक्के व्याज धरून त्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क लागते. दोन वर्षांचे व्याज २ लाख ८० हजार, त्याचा पाव टक्का ७०० रुपये. नोंदणी शुल्क १,००० रुपये. एजंटचे शुल्क वेगळे धरा, तरीही सतराशे रुपयांच्या सरकारी खर्चासाठी १४ लाख नोटरीच्या शिक्क्यावर सोडले. मालकांनी "उगाच खर्च कशाला" असे म्हटल्याचे तुम्ही लिहिता. त्यांना काळजी सतराशे रुपयांची नसून बँकेला सुगावा लागण्याची असावी, असे मला वाटते.

रोख दिलेले चार लाख हा आणखी कच्चा दुवा आहे. वीस हजार किंवा त्याहून अधिक रकमेची ठेव रोखीने घेण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि दंड घेणाऱ्याला आहे. म्हणजेच पावती देताना मालक हात आखडता घेतील. नोटरी करारात १४ लाखांचा पूर्ण आकडा आहे की फक्त दहाचा, हे आज रात्रीच तपासा. दहाचाच असेल, तर व्हॉट्सॲपवरचा प्रत्येक संदेश, रोख काढल्याची बँकेतील नोंद आणि त्या वेळी हजर असलेल्या माणसाचे नाव जपून ठेवा.

दोन वर्षांनी हेच घर आजच्या भावाने देऊ आणि अनामत त्यात वळती करू, असे मालक म्हणाले आहेत आणि तुम्ही त्यावर घराचे स्वप्न रचले आहे. नोंदणीकृत विक्रीकराराशिवाय या शब्दाला किंमत शून्य. पुण्यात भाव वाढल्यावर कोणीही घर दोन वर्षांपूर्वीच्या दराने देत नाही, आणि भाव पडले तर ते घर तुम्हालाच नको असेल. हे स्वप्न हिशेबातून काढून टाका, कारण त्याच्यापायी तुम्ही मालकांना दुखवायला कचरता आहात.

मग करायचे काय? पाण्याची तक्रार हीच तुमच्या हातातली सर्वांत सभ्य पाचर आहे. अहवाल आला की मालकांना लेखी कळवा, की घर राहण्यायोग्य स्थितीत नाही, मूल आजारी पडले आहे आणि उरलेल्या १५ महिन्यांची अट पाळणे शक्य नाही. त्याआधी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) आणि गहाणखताची सूचना शोधा, आणि कर्जाच्या बोज्याची नोंद सोसायटीच्या दप्तरात आहे का, ते सेक्रेटरींना लेखी विचारा. मालमत्तेची कामे करणाऱ्या वकिलाला पाच-दहा हजार द्यावे लागले तर द्या. हा खर्च त्या सॉफ्टनरपेक्षा कितीतरी उपयोगाचा आहे.

सगळे पैसे एकदम मागितले तर नकार येईल, कारण ते खर्च झालेले असणार. म्हणून टप्पा सुचवा: आधी ५ लाख परत घ्यावेत, उरलेल्या ९ लाखांचा करार लगेच नोंदवावा आणि फरकापोटी तुम्ही महिना सात हजार भाडे द्यावे. त्या पाच लाखांतून साडेचार लाखांच्या आत आलेले कर्ज मुदतपूर्व फेडा. कर्जाचा महिना ११,६०० चा हप्ता थांबला की सात हजार भाडे देऊनही साडेचार हजार हातात राहतील. मुदतपूर्व परतफेडीचा दंड किती, ते आधी बँकेला विचारून घ्या. "नवा भाडेकरू आला की त्याच्याकडून घेऊन देतो" हे उत्तर मान्य करू नका. तसे केल्याने तुमची जोखीम दुसऱ्या कुटुंबाच्या गळ्यात पडेल, आणि नवा भाडेकरू तुमच्याइतका विश्वास टाकणारा निघेल याची खात्री नाही. घर सोडताना चावी आणि बँकेतून जमा झालेली रक्कम यांची अदलाबदल एकाच दिवशी व्हावी. पुढच्या तारखेचा धनादेश घेऊन चावी देऊ नका.

कर्ज फेडून त्या पाच लाखांतले जे उरतील ते आणि दरमहा हातात राहतील ते पैसे आधी सहा महिन्यांच्या खर्चासाठी, म्हणजे दोन लाखांहून थोडे अधिक होईपर्यंत, बाजूला ठेवा. चाळीस हजारांच्या शिल्लकीवर लहान मुलाचे घर चालवणे आणि पाणीही असे असणे, हे एकत्र जमत नाही. मुलीला रुग्णालयात ठेवावे लागले असते, तर पुढच्या कर्जासाठी तुम्ही त्याच विक्रेत्याच्या हप्तेवाल्या कंपनीच्या दारी गेला असता. कंपनीकडून आरोग्य विमा आहे असे तुम्ही म्हणता, पण त्यात वडील आहेत का, हे पत्रात कुठेच नाही. ते विचारून घ्या.

वडिलांचे ९ लाख मिळतील तसे त्यांच्याच नावावर परत ठेवा, तुमच्या किंवा संयुक्त घरखरेदीच्या खात्यात नाही. वय साठच्या वर असेल तर ज्येष्ठ नागरिक बचत योजना घ्या. हे लिहिताना तिचा दर ८.२ टक्के आहे, म्हणजे दर तिमाहीस साडेअठरा हजारांच्या आसपास त्यांच्या खात्यात जमा होतील.