फॅमिली ग्रुपवर इलेक्ट्रिक गाडीवरून भांडण, आणि गणेश चवथीला घरी येणंच बंद

"ऑनलाइन मतांवरून आमच्या घरातली माणसं एकमेकांशी बोलेनाशी झालीत, काय करू?" हा प्रश्न हल्ली माझ्याकडे सारखा येतो. म्हणून गोव्यातल्या डिचोलीकडची एक केस सांगते, घरच्यांना विचारूनच, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

आल्या होत्या काकू. यजमान रिटायर्ड, पुतण्या पणजीला पाटोवर नोकरीला. त्याने लोन काढून इलेक्ट्रिक कार घेतली, फोटो फॅमिली ग्रुपवर टाकला आणि त्याखाली काकांनी पेटलेल्या स्कूटरचा व्हिडिओ टाकला. पुतण्याने "तुमच्या पार्टीचा आयटी सेल जे पाठवतो तेच तुम्ही पुढे ढकलता" असं लिहिलं, मग मोदी, राहुल, चीनच्या बॅटऱ्या, खाणी, सगळंच निघालं. शेवटी त्याने ग्रुप सोडला आणि चवथीला मूळ घरी येणार नाही असं आईकडून कळवलं. काकू म्हणाल्या, "मॅडम, तुम्हीच सांगा दोघांत बरोबर कोण?"

ते काम माझं नाही हे त्यांना स्पष्ट सांगितलं, पण मेसेज मात्र बसून वाचले. काकांचे बहुतेक मेसेज रात्री अकरानंतरचे. आणि गाडीबद्दलचा त्यांचा सूर कडवट झाला तो एका बातमीनंतर. जुलै 2023 मध्ये मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं होतं की जानेवारी 2024 पासून गोव्यात नव्याने येणाऱ्या टुरिस्ट गाड्या इलेक्ट्रिकच असाव्या लागतील. मी काकूंना विचारलं, घरात कोणाची टॅक्सी आहे का? तर त्यांचा थोरला मुलगाच टुरिस्ट टॅक्सी चालवतो, डिझेलची, हप्ते अजून चालू आहेत. ग्रुपवर एवढे मेसेज पडले पण या हप्त्याबद्दल एकही शब्द नव्हता! मला वाटतं बऱ्याच घरांत हेच होतं, माणूस आपली भीती लिहीत नाही, तयार मिळालेलं मत फॉरवर्ड करतो कारण ते सोपं पडतं.

दोघांना एकत्र बसवायला वेळ लागला पण बसले. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी सुचवलेली एक जुनी पद्धत मी अशा वेळी वापरते, म्हणजे आपलं बोलायच्या आधी समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगायचं आणि तो "हो, हेच" म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. ऐकायला सोपी वाटते, करायला जाम कठीण.

काका म्हणाले, "त्याचं म्हणणं पेट्रोल वाईट." पुतण्याने मान हलवली, नाही. "त्याचं म्हणणं आम्ही जुनाट." परत नाही. मग काका बराच वेळ गप्प बसले, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "त्याला वाटतं मी सगळ्यांसमोर त्याची अक्कल काढली." पुतण्या म्हणाला, "हो काका, हेच." मग त्याची पाळी. त्याने पहिल्याच फटक्यात सांगितलं, "काकांना भीती आहे की उद्या नियम बदलला तर दादाचा हप्ता कोण भरणार." काकांना पुढे बोलताच येईना.

यानंतर ज्या गोष्टी तपासून बघता येतात त्या आम्ही वेगळ्या काढल्या, कारण त्यावर महिनोन्‌महिने भांडण्यात काही अर्थ नसतो. स्कूटर पेटल्याच्या घटना 2022 मध्ये देशात खरंच झाल्या, आणि त्यानंतर बॅटरीच्या चाचण्यांचे नियम कडक झाले, हे दोन्ही खरं. गोव्याची बहुतेक वीज बाहेरून येते आणि त्यात कोळशाची बरीच असते, हा काकांचा मुद्दा पुतण्याने मान्य केला. मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा मात्र मुख्यतः कर्नाटकातल्या स्टील कारखान्यांसाठी असतो, त्याचं खापर कारच्या चार्जिंगवर फोडता येणार नाही, हे काकांनी मान्य केलं. राजकारणावर दोघांचं अजिबात जमलं नाही आणि तसं जमायला हवं असा माझा आग्रहही नव्हता.

उलट काकांनीच सांगितलं की 16 जानेवारी 1967 च्या गोव्यातल्या ओपिनियन पोलला, म्हणजे जनमत कौलाला, त्यांचे वडील फुलावर, म्हणजे महाराष्ट्रात विलीन व्हायच्या बाजूने, आणि सख्खे चुलते दोन पानांवर, म्हणजे गोवा वेगळा ठेवायच्या बाजूने. निकाल दोन पानांच्या बाजूने लागला. घरात आवाज चढायचे पण पंगत एकच असायची, समोर माणूस दिसायचा, आजी मध्ये पडायची. ग्रुपवर मध्ये पडणारं कोणी नसतं, उलट बाकीचे थम्ब टाकून आणखी पेटवतात.

तर तुमच्या घरात असं चाललं असेल तर ग्रुपवर उत्तर लिहू नका, फोन करा, आणि मताला खोडून काढायच्या आधी विचारा की "तुम्हाला यात नेमकी कसली काळजी वाटते?" रात्री तर लिहूच नका. या घरात ठरलं ते एवढंच, गाडी आणि पार्टी हे विषय ग्रुपवर काढायचे नाहीत, बोलायचं तर घरी बसून. पुतण्या चवथीला आला, गाडी घेऊनच आला, आणि दादाने ती चालवून बघितली. काका अजून म्हणतात लांबच्या भाड्याला ही चालणार नाही.

पण वादामुळे घरातल्या कोणाची झोपच उडाली असेल, जेवण कमी झालं असेल, सारखी चिडचिड होत असेल, तर तो नुसता मतांचा विषय राहत नाही. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनवर 14416 ला फोन करा, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं.