डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये मुडदे उठवून त्यांच्यासोबत लढणारा योद्धा कसा बनवावा?

तुमचा प्रश्न असा आहे: फाशांवर चालणाऱ्या या भूमिकांच्या खेळात तुमची मोहीम (अनेक सत्रं चालणारी गोष्ट) तिसऱ्या लेव्हलला (लेव्हल म्हणजे पात्राची ताकद) सुरू होतेय, जड चिलखत घालून पुढच्या फळीत उभा राहणारा योद्धा हवाय, त्याच्यासोबत त्यानेच उठवलेले सांगाडे लढले पाहिजेत, तर फायटर (लढवय्यांचा वर्ग) घेऊन एल्ड्रिच नाइट (त्याची जादू शिकणारी शाखा) करावा का? माझं उत्तर: नको. पॅलाडिन (शपथ घेतलेला, जादू येणारा योद्धा) घ्या आणि त्याला ओथब्रेकर (शपथ मोडलेल्यांची शाखा) करा. पुढचे सगळे आकडे पाचव्या आवृत्तीच्या २०१४ च्या नियमांतले आहेत.

स्पेलची (मंत्राची) पातळी आणि पात्राची लेव्हल वेगळी: एल्ड्रिच नाइटला तिसऱ्या पातळीचे स्पेल १३व्या लेव्हलला मिळतात. त्यातही त्याचे बहुतेक स्पेल ॲबज्युरेशन (संरक्षण) आणि इव्होकेशन (मारा) या जादूच्या प्रकारांमधूनच निवडावे लागतात. मुडदे उठवणारा ॲनिमेट डेड हा नेक्रोमन्सीचा (मृत्यूच्या जादूचा) स्पेल, त्यामुळे तो १३व्या लेव्हलला आधीचा मोकळ्या निवडीचा स्पेल बदलून, नाहीतर १४व्याच्या मोकळ्या निवडीतच घेता येतो. तोवर मोहीम चालेल याची काय खात्री? ओथब्रेकरला तोच स्पेल ९व्या लेव्हलला मिळतो आणि कायम तयार असतो.

पण ओथब्रेकर घ्यायचं खरं कारण ७व्या लेव्हलला आहे: ऑरा ऑफ हेट (तुमच्याभोवतीचं जादूचं वलय). तुमच्यापासून १० फुटांच्या आतले अनडेड (सांगाड्यांसारखे उठलेले मुडदे) आणि फीन्ड (सैतानी जीव), आणि तुम्ही स्वतः, हातघाईच्या शस्त्राच्या डॅमेजमध्ये तुमचा करिष्मा मॉडिफायर (करिष्मा गुणावरून येणारा बोनस, १८ ला +४) मिळवता. साधा सांगाडा आखूड तलवारीने १ष६ + २ मारतो (‘ष’ म्हणजे बाजू: १ष६ म्हणजे सहा बाजूंचा एक फासा), म्हणजे सरासरी ५.५. करिष्मा १८ असेल तर तेच ९.५ होतं. आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५ च्या शत्रूवर सांगाड्याचा वीस बाजूंच्या फाशावर +४ चा वार निम्म्या वेळा लागतो, म्हणजे चार सांगाडे मिळून फेरीला सरासरी १९ डॅमेज. तिसऱ्या पातळीचा स्लॉट (स्पेल टाकायची मोजकी संधी, विश्रांतीनंतर परत मिळणारी) डिव्हाइन स्माइटमध्ये (वाराला जादा डॅमेज देण्यात) घातला तर ४ष८, सरासरी १८, आणि तेही एकदाच. सांगाड्यांवर घातलेला स्लॉट पहिल्याच फेरीत वसूल होतो.

आता कुठे फसतं ते. धनुष्याला हा ऑरा लागू होत नाही, म्हणून सांगाडे मागे उभे करून बाण मारत बसलात तर ओथब्रेकर घेतल्याचा अर्धा फायदा गेला. झॉम्बीच्या ठोशाला किंवा (पुढे येणाऱ्या) फीन्ड घोड्याच्या लाथेला ‘शस्त्र’ धरायचं का, हे डीएमकडून (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरकडून) आधीच ठरवून घ्या. आणि ऑरा शत्रू-मित्र बघत नाही. समोरचा वाइट (एक अनडेड योद्धा) १० फुटांच्या आत आला की त्याच्याही वारात तुमचा करिष्मा मिळतो.

पॉइंट बायचे (पात्राचे गुण विकत घ्यायच्या पद्धतीचे) २७ गुण असे लावा: स्ट्रेंग्थ १५, करिष्मा १५, कॉन्स्टिट्यूशन १४, डेक्स्टेरिटी १०, इंटेलिजन्स ८, विज्डम ८. व्हेरिएंट ह्यूमन (माणूस वंशाचा पर्यायी प्रकार) घेतला तर स्ट्रेंग्थ आणि करिष्मा १६ होतात आणि एक फीट (खास कौशल्य) मिळतं. ४थ्या लेव्हलला करिष्मा १८, ८व्याला स्ट्रेंग्थ १८. फीट म्हणून डोळे झाकून इन्स्पायरिंग लीडर घ्या. दहा मिनिटं भाषण केलं की तुमचं बोलणं समजणाऱ्या सहा जणांना तुमची लेव्हल + करिष्मा मॉडिफायर एवढे तात्पुरते हिट पॉइंट (किती मार सोसता येतो तो आकडा) मिळतात. सांगाड्याला जिवंतपणी येत असलेल्या भाषा समजतात, म्हणजे तोही यात बसतो. ९व्या लेव्हलला हे १३ पॉइंट होतात आणि सांगाड्याचे स्वतःचे हिट पॉइंटही १३च. एका भाषणात त्याचं आयुष्य दुप्पट! हे जास्तच मोलाचं, कारण क्युअर वुंड्स आणि ले ऑन हँड्स हे बरं करायचे उपाय अनडेडवर चालतच नाहीत.

फौज किती ठेवायची? चार. स्पेलला एक मिनिट लागतं, आणि मध्यम किंवा लहान आकाराच्या ह्यूमनॉइडची (माणसासारख्या जीवाची) हाडं किंवा प्रेत १० फुटांच्या आत असावं लागतं. हाडांतून सांगाडा उठतो, प्रेतातून झॉम्बी. लांडगा किंवा ओगर चालत नाही. ताबा २४ तास राहतो. तो संपायच्या आत पुन्हा स्पेल टाकला तर एका स्लॉटमध्ये आधीच्या चारांपर्यंतचा ताबा वाढतो, पण त्या स्लॉटमधून नवा मुडदा उठत नाही. ९व्या लेव्हलला तिसऱ्या पातळीचे स्लॉट दोनच. पहिल्या दिवशी दोन सांगाडे उठवा. दुसऱ्या दिवशी एका स्लॉटने ताबा वाढवा, दुसऱ्याने तिसरा उठवा. तिसऱ्या दिवशी चौथा. त्यानंतर रोज एक स्लॉट ताब्यासाठी आणि एक मोकळा. पाचवा उठवलात की दुसऱ्या दिवशी दोन्ही स्लॉट नुसते सांभाळण्यात जातात. १३व्या लेव्हलला चौथ्या पातळीचा स्लॉट आला की त्यातून सहांचा ताबा वाढतो, तेव्हा फौज वाढवा.

ताबा वाढवायचं काम रात्री लाँग रेस्टच्या (रात्रभराच्या विश्रांतीच्या) अगदी आधी करा. स्लॉट लगेच विश्रांतीत परत मिळतो, आणि दिवसभरात सांगाडे मेलेच तर राखून ठेवलेला स्लॉट लढाईत वापरता येतो. मात्र रोज आदल्या रात्रीपेक्षा थोडं लवकर. रात्रीच्या लढाईत वेळ टळली तर चार सांगाडे तुमच्याच छावणीत मोकळे सुटतात.

हुकूम बोनस ॲक्शनने (आपल्या पाळीत एकदाच मिळणाऱ्या जादा छोट्या कृतीने) द्यायचा, ६० फुटांच्या आतल्या सगळ्यांना एकदम. दर फेरीला द्यायची गरज नसते: “माझ्याजवळ राहा, मी ज्याला मारतोय त्याला मारा” एवढं एकदा सांगितलं की पुरतं. तरीही पोलआर्म मास्टरसारखी बोनस ॲक्शन मागणारी फीट टाळा. तुमचं टेबल २०२४ चा पॅलाडिन वापरत असेल तर जास्त जपा, त्यात डिव्हाइन स्माइटलाच बोनस ॲक्शन लागते.

९व्या लेव्हलपर्यंत काय करायचं? ३ऱ्या लेव्हलपासून कंट्रोल अनडेड (अनडेडवर ताबा मिळवायची शक्ती) मिळतं. ३० फुटांच्या आतला एक अनडेड विज्डम सेव्हमध्ये (परिणाम टाळायला टाकलेल्या फाशात) चुकला तर २४ तास तुमचा. त्याचं चॅलेंज रेटिंग (शत्रूच्या ताकदीचा आकडा) तुमच्या लेव्हलपेक्षा कमी हवं. म्हणून चौथ्या लेव्हलपासून वाइटवर डोळा ठेवा, त्याचं रेटिंग ३ आहे. हिट पॉइंट ४५, दोन वार, आणि त्याच्या लाइफ ड्रेनने (जीव शोषणाऱ्या वाराने) मेलेला ह्यूमनॉइड २४ तासांनी त्याचा झॉम्बी होऊन उठतो. ५व्या लेव्हलला फाइंड स्टीड (घोडा बोलावायचा स्पेल) मिळतं. घोड्याचा प्रकार फीन्ड निवडा, म्हणजे ७व्यापासून तोही ऑरात बसतो. मोहीम आठव्याच्या आत संपणार असेल तर मात्र डेथ डोमेनचा क्लेरिक (मृत्यूच्या शाखेचा जादू येणारा पुजारी) घ्या. ५व्या लेव्हललाच ॲनिमेट डेड मिळतो, शस्त्रं सगळी चालतात, पण चिलखत मध्यमच आणि एक्स्ट्रा अटॅक (जादा वार) नाही.

ओथब्रेकर डंजन मास्टर्स गाइडमध्ये खलनायकांसाठी दिलाय आणि अलाइनमेंट ईव्हिल (पात्राची वृत्ती दुष्ट) हवी, असं तिथे स्पष्ट आहे. डीएमची आणि बाकीच्या खेळाडूंची परवानगी पहिल्या सत्राआधी घ्या. पार्टीत लाइट डोमेनचा (प्रकाशाच्या शाखेचा) क्लेरिक असेल तर हे बोलणं टाळूच नका. सांगाडा शस्त्रांसह उठतो की रिकाम्या हाताने, हेही तेव्हाच विचारा. रिकाम्या हाताने उठत असेल तर चार आखूड तलवारींसाठी ४० सोन्याची नाणी बाजूला ठेवा.

सगळ्यात मोठी भीती फायरबॉलची (आगीच्या स्फोटाच्या स्पेलची). ८ष६ म्हणजे सरासरी २८, सेव्ह जमला तरी १४, आणि भाषणाचे तात्पुरते पॉइंट नसतील तर सांगाडा १३ चा. ऑरासाठी सगळे तुमच्याभोवती दाटीने उभे असतात, त्यामुळे एकाच स्फोटात फौज साफ होऊ शकते. दुसरी भीती ५व्या किंवा वरच्या लेव्हलचा शत्रू क्लेरिक: त्याच्या टर्न अनडेडला (अनडेडना पळवणाऱ्या शक्तीला) सेव्ह चुकला की सांगाडे जागेवर नष्ट होतात. समोर असा कुणी दिसला की सांगाडे दोन-दोन करून वेगळ्या दारांनी पाठवा, आधी त्याला गाठून मारा, आणि ऑरा नंतर वापरा.