अभ्यासक्रम आखताय? आधी शेवटचं पान ठरवा

पहिल्यांदाच ऑनलाइन अभ्यासक्रम आखताय, तर व्हिडिओंचं नंतर बघा. सत्र संपल्यावर विद्यार्थ्याच्या पोर्टफोलिओत, म्हणजे त्याच्या कामाच्या ऑनलाइन संग्रहात, काय दिसायला हवं, ते आधी लिहून काढा आणि तिथून मागे या.

मी अनुवादाचा वर्ग घेते. पहिल्या वर्षी फक्त अंतिम मसुदा चढवायला सांगितला. सगळे गुळगुळीत, पण कोण काय शिकलं तेच कळेना. आता एकाच उताऱ्याचे ३ मसुदे मागते: कच्चा, वर्गमित्राच्या शेऱ्यांनंतरचा आणि अंतिम. सोबत १५० शब्दांचं टिपण, कोणता शब्द बदलला आणि का. खरं कौशल्य त्या टिपणात दिसतं, म्हणून गुणांतला मोठा वाटा त्यालाच द्या. निकषही पहिल्याच आठवड्यात मुलांच्या हाती ठेवा.

पोर्टफोलिओ बनवायला साधन म्हणाल तर गूगल साइट्स पुरतं. ऑनलाइन वर्ग चालवायला मूडल ही प्रणाली वापरत असाल तर तिला जोडता येणारं ‘महारा’ हे पोर्टफोलिओचं सॉफ्टवेअर बघा. २००६ मध्ये न्यूझीलंडमध्ये सुरू झालेलं, मुक्त स्रोत. तिथल्या माओरी भाषेत ‘महारा’ या शब्दाचा अर्थ ‘विचार करणं’. मला तो फार आवडतो.

पोर्टफोलिओचं पान कोणाला दिसावं, हे मात्र विद्यार्थ्यालाच ठरवू द्या. आणि बरीच मुलं मोबाइलवरच काम करतात, तेव्हा सगळं एकदा स्वतःच्या फोनवरून चढवून बघा.