तू अर्धी कुठून झालीस?

लाडके,

काल गाडीत तू विचारलंस, "पप्पा, माझी मैत्रीण म्हणते, ज्यूपण आईकडून येतं. मम्मी तर हिंदू, मग मी कोण? आणि आपला मलिदा माझ्या मैत्रिणींच्या घरी कुणालाच कसा माहीत नाही?" सिग्नल सुटला आणि मी विषय बदलला. चुकलंच माझं.

मलिद्याचं आधी सांगतो, ते सोपं आहे. आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या, असं आजी सांगायची. पोथ्या समुद्रात गेल्या. राहिली ती सुंता, शनिवारची सुट्टी, खवल्याशिवायची मासळी वर्ज्य, आणि ओठांवरची 'शेमा' ही प्रार्थना. तेलाचा घाणा शनिवारी बंद, म्हणून गावानं नाव ठेवलं शनवार तेली. आडनावंही गावांचीच, किहीमकर, पेणकर. पुरीम हा ज्यूंचा सण आला की आजी म्हणायची, "होळीचा सण आला." मलिदा म्हणजे एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावानं फेडलेला नवस: पोहे, ओलं खोबरं, साखर, फळं. न्यू जर्सीतल्या तुझ्या मैत्रिणींचे आजोबा पोलंड-रशियाकडचे. त्यांना पोहे कुठून माहीत असणार?

आता अवघड भाग. कर्मठ धर्मशास्त्राप्रमाणे तुझी मैत्रीण बरोबर आहे, आई ज्यू हवी. इथल्या ज्यूंच्या रिफॉर्म, म्हणजे सुधारणावादी, पंथानं 1983 साली ठरवलं की वडील ज्यू असले आणि मूल त्या रीतीत वाढलं, तरी चालतं. आणि आपल्या कोकणात? तिथे बाप बेने इस्राएल आणि आई बाहेरची, तर लेकरांना 'काळे इस्राएल' म्हणत. बाकीचे 'गोरे'. रंगाचा संबंध नव्हता, रोटीबेटी बंद एवढाच अर्थ. जातीत राहून जात शिकलो, दुसरं काय! त्या काळी तू जन्मली असतीस तर तुलाही काळीच म्हटलं असतं. हे तुला सांगताना मला लाज वाटते.

पण पुढची गंमत ऐक. हेच गोरे इस्राएल देशात गेले. 1962 साली तिथल्या मुख्य रब्बींनी, म्हणजे धर्मगुरूंनी, फर्मान काढलं: बेने इस्राएलांचं दुसऱ्या ज्यूंशी लग्न लावण्याआधी आई, आजी, पणजी जमेल तितकी मागे तपासा. शतकानुशतकं शनिवार पाळणाऱ्यांना पुरावा मागितला! 1964 च्या उन्हाळ्यात आपली माणसं जेरुसलेमला धरणं धरून बसली. संसदेनं बेने इस्राएल सर्व बाबतींत ज्यू असल्याचं म्हटलं, तेव्हा रब्बींनी नमतं घेतलं. आजी ही गोष्ट फार अभिमानानं सांगायची. काळ्या इस्राएलांची मात्र तिनं कधीच सांगितली नाही, ती मला मोठेपणी कळली.

मम्मीचं आणि माझं लग्न रजिस्टर झालं, 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली. माझी एक आत्या आली नाही. नंतर मम्मीच्या हातचा मलिदा खाऊन तिनं एवढंच विचारलं, "जायफळ घातलंस ना?"

कर्मठ सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, उद्या कुणी तुला नाही म्हटलं तर त्यांच्या नियमानं ते खरं असेल. तुला त्यांच्यात जायचं असेल तर धर्मांतराची रीत आहे, नसेल तर नाही. मी तुला अर्धी म्हणणार नाही, आणि तूही म्हणू नकोस.

शनिवारी रात्री मलिदा करू. नारळ मम्मीच खवेल, तू खवलेल्या खोबऱ्यात निम्मी करवंटी येते.

तुझा,
पप्पा