फ्रेम हातात आली, पुढचं काय? : सायकलवाल्यांचे प्रश्न

प्रश्न : दादा नमस्कार. अमेरिकेतून चुलतभाऊ येताना सामानात कार्बनची फुल सस्पेन्शन (पुढे-मागे दोन्हीकडे झटके झेलणारी) फ्रेम घेऊन आला, २९ इंची चाकांची, मागे १३० मिमी ट्रॅव्हल (चाक तेवढं वर-खाली होतं), मागचे झटके झेलणारा शॉक सोबत आहे. माझ्याकडे जुनी ॲल्युमिनियमची हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शनवाली) आहे, तिचे पार्ट काढून हिच्यावर चढवायचे आणि वरखर्च थोडा, असा प्लॅन होता. फ्रेमच्या कागदावर लिहिलंय : बीएसए ७३, मागे १४८ बाय १२, हेडसेट झेडएस ४४ आणि झेडएस ५६, यूडीएच, सीटपोस्ट ३१.६, शॉक २१० बाय ५०. यातलं सीटपोस्ट सोडून मला काही कळलं नाही. जुन्यातलं काय काय चालेल?
— एक वाचक, चिंचवड

उत्तर : पेडल, सीट, ग्रिप आणि हँडलबार-स्टेम (स्टेम म्हणजे हँडलबार धरणारा तुकडा) जर ३१.८ मिमीचे असतील तर तेवढे. बस. वाईट वाटून घेऊ नका, सगळ्यांचं असंच होतं.

आता तो कागद फ्रेमसोबत नीट जपून ठेवा कारण तुमची खरी खरेदीची यादी तीच आहे. लोक उलटं करतात, सेलमध्ये गिअरसेट दिसला की घेतात, कोणीतरी व्हील विकतंय म्हणून घेतात आणि मग फ्रेमशी जुळवत बसतात. भोक फ्रेमचं आहे, पार्ट त्यात जायचाय, तेव्हा भोकाचं माप आधी.

१४८ बाय १२ म्हणजे मागचं हब (चाकाचा मधला भाग) १४८ मिमी रुंद आणि ॲक्सल १२ मिमी जाड, यालाच बूस्ट म्हणतात. तुमच्या जुन्या हार्डटेलचं हब बहुतेक १३५ चं, क्विक रिलीजवालं असणार, ते इथे बसत नाही, जुगाडही करू नका. ॲक्सल सहसा फ्रेमसोबत येतो, डब्यात बघा, हरवला असेल तर नवा घेताना लांबी आणि आट्यांचा पिच दोन्ही जुळावे लागतात, नुसतं १२ मिमी म्हणून चालत नाही.

व्हील घ्यायच्या आधी गिअर ठरवा, कारण हबवर कुठलं फ्रीहब (हबचा कॅसेट बसते तो भाग) घ्यायचं ते कॅसेटवर, म्हणजे मागच्या दातेरी चकत्यांच्या संचावर, अवलंबून. शिमानोचं १२ स्पीड (१०-५१ दात्यांचं) घेतलंत तर मायक्रो स्प्लाइन नावाचं फ्रीहब लागतं, स्रॅमची १० दात्यांपासून सुरू होणारी कॅसेट घेतलीत तर एक्सडी, आणि ११ दात्यांपासून सुरू होणाऱ्या, म्हणजे स्रॅमची एनएक्स ईगल किंवा शिमानोची क्यूज, जुन्या एचजी फ्रीहबवर बसतात. खिसा बघून सांगायचं तर एचजीवालं हब आणि ११-५० ची कॅसेट, वजन जास्त पण दुकानात मिळतं. यूडीएच म्हणजे स्रॅमने २०१९ ला आणलेला कॉमन हँगर (गिअर बदलणारा मागचा डिरेलर फ्रेमला जोडणारा तुकडा), त्याआधी प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा आणि तुटला की महिनाभर शोधाशोध. आता एकच घ्यायचा, पण दोन घ्या, एक बॅगेत टाकायला.

झेडएस ४४ हे हेडसेटचं, म्हणजे फोर्क ज्यात फिरतो त्या बेअरिंगचं, वरचं माप आणि झेडएस ५६ खालचं, म्हणजे फोर्कची (पुढचं चाक धरतो तो) नळी वर सव्वा इंचाच्या आतली (२८.६ मिमी) आणि खाली दीड इंच, टेपर्ड. जुना सरळ नळीचा फोर्क खाली वेगळी क्राउन रेस (खालच्या बेअरिंगखालची कडी) टाकून बसवता येतो, हे तुम्हाला कोणीतरी सांगणारच. पण तो १०० मिमीचा, म्हणजे पुढचा भाग खाली बसणार, बीबी (पेडलच्या दांड्या, म्हणजे क्रँक, ज्यात फिरतात तो मधला भाग) खाली येणार आणि दगडावर पेडल आपटत फिराल. १३० किंवा १४० चा घ्या, पुढे ११० बाय १५ चं हब, आणि फ्रेमवाल्याने जास्तीत जास्त किती मिमी फोर्क चालेल लिहिलंय ते बघून.

बीएसए ७३ ही त्यातल्या त्यात सगळ्यात चांगली बातमी, कारण आट्यांचा बीबी आहे, ठोकून बसवायचा नाही. पण उजव्या बाजूच्या कपाचे (बीबीचं बेअरिंग असतं त्या वाटीचे) आटे उलटे असतात, डावीकडे फिरवला की घट्ट होतो. मी पहिल्या वेळेस उजवा कप नेहमीसारखा उजवीकडे फिरवत होतो, जात नाही म्हणून पान्याला पाइप लावायला निघालो होतो, शेजारचे काका म्हणाले अरे जरा थांब. आटे वाचले. कप आधी हाताने चार-पाच फेरे जायलाच हवा, नाही गेला तर काढा, पुसा, परत लावा. ग्रीस भरपूर. आणि क्रँकचा ॲक्सल शिमानोचा २४ मिमी, स्रॅमच्या डब नावाच्या क्रँकचा जवळजवळ २९, म्हणजे बीबी घ्यायच्या आधी क्रँक ठरवा.

फोर्कची नळी कापायची वेळ शेवटी. हेडसेट, स्पेसर (नळीवरच्या कड्या), स्टेम सगळं लावून खूण करा, स्टेमच्या वरच्या कडेपासून ३ मिमी खाली कापा, आणि पहिल्यांदा बांधताय तर दोन स्पेसर जास्तीचे ठेवून कापा. नंतर कमी करता येतं, वाढवता येत नाही. कापल्यावर कानस मारा. फ्रेम कार्बनची म्हणून नळीही कार्बनची समजून काही जण घाबरतात, माउंटन बाइकच्या फोर्कची नळी बहुतेक ॲल्युमिनियमचीच असते, स्टार नट (नळीत अडकून वरचा बोल्ट धरणारी चांदणीसारखी चकती) बिनधास्त ठोका.

प्रश्न : दादा, मी इंजिनिअरिंगला आहे, बजेट टाइट आहे. टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) खरंच लागतो का? माझा हात बसलाय, बाइकचं सगळं काम मी घरीच करतो.
— एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : लागतो. तुझा हात बसलाय तो मोटरसायकलच्या बोल्टवर, तोच तर प्रॉब्लेम आहे.

हिशोब तूच कर. सीट क्लॅम्पला साधारण ५ न्यूटन मीटर लागतात. १० सेंटिमीटरच्या ऍलन कीच्या टोकाला हे झाले ५० न्यूटन, म्हणजे पाच किलोची पिशवी उचलतो तेवढाच जोर. आपण 'जरा घट्ट' म्हणून सहज त्याच्या दुप्पट लावतो. ॲल्युमिनियम असतं तर थोडं दबलं असतं, दिसलं असतं. कार्बन ओढायला दणकट आहे, पण एका जागी चिमटलं की आतले थर सुटतात आणि वरून रंगाला काहीसुद्धा होत नाही.

लहान रेंच विकत घे, २ ते २० न्यूटन मीटरपर्यंतचा, स्टेम, सीट क्लॅम्प, रोटरचे (डिस्क ब्रेकच्या चकतीचे) सहा बोल्ट (हे सहाच्या आसपास), शिमानो क्रँकचे १२ ते १४ एवढं त्यात होतं. कॅसेटची लॉकरिंग ४० ला आणि बीबीचे कप ३५ ते ५० ला, त्यासाठी मोठा रेंच लागतो, तो कोणाचा तरी एका संध्याकाळपुरता माग. पिव्होटच्या (फ्रेमचा मागचा भाग हलतो त्या सांध्यांच्या) बोल्टना मात्र फ्रेमवाल्याचाच आकडा, दुसऱ्या फ्रेमचा नाही, आणि निळं थ्रेडलॉकर (बोल्ट आपोआप सुटू न देणारा द्रव).

अजून एक, कार्बनला पकड हवी तिथे ग्रीस नको, कार्बन पेस्ट लाव. त्यात बारीक रेतीसारखे कण असतात, त्यामुळे कमी टॉर्कमध्येच सीटपोस्ट घसरायचा थांबतो. आणि स्टँडवर लावताना चिमटा फ्रेमच्या नळीला कधीच नाही, सीटपोस्टला.

प्रश्न : माझी उंची ५ फूट २ इंच. स्मॉल फ्रेम घेतली, मित्राच्या सांगण्यावरून १७० मिमीचा ड्रॉपर (चालवताना खाली-वर करता येणारा सीटपोस्ट) घेतला, तो अर्ध्यावरच अडकतो आणि सीट एवढी वर राहते की पाय पोचत नाहीत. फ्रेम खराब आहे का?
— एक वाचक, बंगळुरू

उत्तर : फ्रेम ठीक आहे ताई, मित्राची उंची जास्त आहे.

फुल सस्पेन्शनमध्ये सीट ट्यूब आतून सरळ खालपर्यंत मोकळी नसते, मध्ये पिव्होट नाहीतर शॉकचं माउंट येतं आणि नळीला वाक असतो, म्हणून पोस्ट अडकतो. टेप घ्या. समजा बीबीच्या मधोमधपासून सीटच्या माथ्यापर्यंत तुम्हाला ६५० मिमी लागतात, फ्रेमची सीट ट्यूब ४०० ची आणि सीटची स्वतःची उंची ५०, तर फ्रेमच्या बाहेर पोस्टला उरले २००. ड्रॉपर पूर्ण आत गेला तरी वरची कॉलर आणि डोकं धरून ४०-५० मिमी बाहेर राहतातच, म्हणजे १५० चा ड्रॉपर घासून बसेल, १७० चा बसणारच नाही. हे झालं वरचं. खालून, कॉलरच्या खालची लांबी फ्रेमच्या आतल्या खोलीपेक्षा कमी हवी, आणि तळाला केबल वळायला जागा हवी ती वेगळी. काही ड्रॉपरमध्ये आत शिम (छोटा तुकडा) टाकून ट्रॅव्हल १०-२० मिमी कमी करता येतं, तुमचा तसला आहे का बघा, नाहीतर मित्राला विका.

प्रश्न : कार्बनला गंज येत नाही, मग आम्हा समुद्रकाठच्या लोकांना काही काळजीच नाही ना?
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : कार्बनला येत नाही, पण कार्बनला चिकटून बसलेल्या ॲल्युमिनियमला खारी हवा लागली की तेच आधी खाल्लं जातं, कारण दोघांमध्ये छोटी बॅटरीच तयार होते. ड्रॉपर दोन पावसाळे काढला नाही तर तो फ्रेममध्येच बसतो, मग करवतीशिवाय निघत नाही. वर्षातून दोनदा काढा, पुसा, नवी पेस्ट.

तुमच्याकडचा मोठा शत्रू मात्र बेअरिंग. पिव्होटमध्ये ६९०२, ६८०२ असे नंबर असतात, त्यावर २आरएस लिहिलेलं असतं म्हणजे दोन्हीकडून रबर सील. सायकलच्या दुकानात हे मागू नका, बाजारात बेअरिंगवाल्याकडे जा, ६९०२ म्हणजे आत १५, बाहेर २८, जाडी ७, जगात कुठेही तेच. आणि बांधायच्या आधी फ्रेम उघडीच आहे तर नवीन बेअरिंगचंसुद्धा सील सुईने हळूच उचलून ग्रीस भरा, कंपनीकडून येताना फार कमी भरलेलं असतं. गाड्या धुतात त्या सर्व्हिस स्टेशनचा प्रेशर पंप पिव्होटवर मारून घेऊ नका हात जोडतो.

प्रश्न : सायकल बांधली, स्टँडवर गिअर लोण्यासारखे पडतात. येऊरला पहिल्याच मोठ्या खड्ड्यात खाडकन आवाज आला आणि डिरेलर पुढे ओढला गेला, हँगर वाकला. सेटिंग चुकलं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : चेन आखूड कापलीत. हार्डटेलच्या हिशोबाने मापली असणार.

फुल सस्पेन्शनमध्ये मागचं चाक वर जाताना बीबीपासून थोडं लांब जातं आणि चेनला जास्तीची लांबी लागते. म्हणून चेन मापताना शॉकची हवा पूर्ण सोडायची, मागचं चाक वर दाबायचं, चेन सगळ्यात जास्त जिथे ताणली जाते तिथे धरून पुढची रिंग आणि मागची सगळ्यात मोठी चकती यावरून डिरेलरमधून न घेता फिरवायची, आणि वर डिरेलरवाल्याने सांगितलेल्या जास्तीच्या लिंक सोडून कापायची. हवा सोडलेलीच आहे तर मागच्या ब्रेकचा होजसुद्धा (ब्रेकच्या तेलाची नळी) ताणला जातो का बघा, आणि टायर सीट ट्यूबला किंवा सीटला लागत नाही ना.

होज आतून घालणं हा एक वेगळाच छळ आहे, फ्रेममध्ये आत नळी दिलेली नसेल तर लेंग्यात नाडी ओवतो तसं करावं लागतं. एका भोकात शिवणाच्या दोऱ्याला स्पंजचा तुकडा बांधून सोडायचा, दुसऱ्या भोकाला व्हॅक्यूम क्लिनर लावायचा, दोरा येतो, दोऱ्यामागे होज. पुढचा ब्रेक उजव्या हाताला ठेवायचा की डाव्या, हे होज कापायच्या आधी ठरवा, आपल्यापैकी बरेच जण मोटरसायकलच्या सवयीने उजव्याला ठेवतात आणि सेट आलेला असतो उलटा. कापल्यावर ऑलिव्ह आणि बार्ब (होजच्या टोकाला बसणारे छोटे तुकडे) नवे, जुने परत वापरू नका. शिमानोला मिनरल ऑइल, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकना डॉट ब्रेक फ्लुइड, लिव्हरवर लिहिलेलं असतं ते वाचा, अदलाबदल केलीत तर सील फुगतात आणि ब्रेक कचऱ्यात.

हवा परत भरताना शरीराचं वजन पाउंडात जेवढं तेवढे पीएसआय इथून सुरुवात करा, बॅग-पाण्यासकट बसा, आणि शॉकवरची रबरी रिंग किती सरकली ते मापा, ५० मिमीच्या स्ट्रोकला (शॉक जेवढा दबतो ती लांबी) १५ म्हणजे ३० टक्के, तेवढं पुरे.

प्रश्न : एवढं सगळं करण्यापेक्षा तयार सायकल स्वस्त पडत नाही का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : पडते. कंपनीला पार्ट घाऊक भावात मिळतात, आपल्याला नाही. वर ऑलिव्ह, पेस्ट, स्पेसर, वॉल्व्ह, सीलंट, रिम टेप या चिल्लर गोष्टींचंच बिल बघून डोळे पांढरे होतात. फ्रेम फुकट किंवा अर्ध्या भावात मिळाली असेल, नाहीतर ही खाज असेल, तरच बांधा.

प्रश्न : फ्रेमवर प्रोटेक्शन फिल्म आधी लावू की सगळं बसवून झाल्यावर?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : आधी! एवढी उघडी ती परत मिळणार नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, डाउन ट्यूबच्या (पुढून बीबीकडे येणाऱ्या तिरक्या नळीच्या) खालची बाजू, चेनस्टे (बीबीपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) आणि हेड ट्यूबजवळ (हँडलखालची आखूड नळी) होज घासतात ती जागा एवढं पुरे, आणि रात्रभर वाळू द्या.