‘स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावे’ हे वाक्य खरंच पौलाचं आहे का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या मंडळीतल्या एका बहिणीला रविवारच्या उपासनेत संदेश द्यायचा होता आणि पाळकसाहेबांनी १ करिंथ १४:३४-३५ (प्रेषित पौलानं करिंथच्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र, अध्याय १४, वचनं ३४-३५) उघडून दाखवलं: स्त्रियांनी मंडळ्यांत गप्प राहावं, काही शिकायचं असेल तर घरी आपापल्या नवऱ्याला विचारावं. पौल खरंच असं म्हणाला का, आणि अभ्यासक या वचनांचं काय करतात, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं मत आधीच सांगतो. ही दोन वचनं पौलाची नसावीत, कुणीतरी समासात लिहिलेला शेरा पुढे मजकुरात शिरला असावा, असं मला वाटतं. हे सिद्ध झालेलं नाही आणि चांगले चांगले अभ्यासक याच्या विरुद्ध आहेत. पण वचनं पौलाचीच मानली, तरी त्यातून तुमच्या पाळकसाहेबांना हवा तो नियम निघत नाही. त्याला आड येतो खुद्द पौल, त्याच पत्रात, तीनच अध्याय आधी.

११:५ वाचा. प्रार्थना करताना किंवा संदेश देताना स्त्रीनं डोकं झाकावं की नाही, यावर पौल तिथे चांगला लांबलचक बोलतो. पदराबद्दलचं त्याचं म्हणणं पटो न पटो, पण स्त्रिया मंडळीत मोठ्यानं प्रार्थना करतात, संदेश देतात हे तो गृहीतच धरतो. ‘बोलूच नका’ असं म्हणत नाही. ज्यांना बोलायचीच बंदी आहे, त्यांनी बोलताना डोक्यावर काय घ्यावं याची चर्चा कोण कशाला करेल? १४:३४ वर कुणीही काहीही अर्थ लावला, तरी ११:५ चा हिशोब त्याला द्यावाच लागतो. माझ्या मते सगळ्या वादाची ही कसोटी आहे.

आता १४ वा अध्याय उघडा आणि ३४-३५ वर बोट ठेवून बाकीचा वाचा. विषय आहे उपासनेतली शिस्त. अन्य भाषांत बोलणाऱ्याला अर्थ सांगणारा कुणी नसेल तर त्यानं गप्प बसावं (२८). एक जण संदेश देत असताना दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर पहिल्यानं थांबावं (३०). तुम्ही सगळे एकामागून एक संदेश देऊ शकता (३१), कारण देव गोंधळाचा नाही, शांतीचा आहे (३३). आणि मग एकदम ३६: देवाचं वचन काय तुमच्यापासून निघालं, की फक्त तुमच्यापर्यंतच आलं? स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्यानं हे ओळखावं की मी लिहितोय ती प्रभूची आज्ञा आहे (३७). धागा कुठेही तुटत नाही. बोट उचलल्यावर मात्र मधेच विषय बदलतो, आणि ३१ मधल्या ‘सगळे’ मधून अर्धी मंडळी वगळली जाते.

त्या दोन वचनांच्या आतही खटकणारं पुष्कळ आहे. ‘नियमशास्त्रही (म्हणजे यहुद्यांचं धर्मशास्त्रही) असंच सांगतं’ असं तिथे म्हटलंय. कुठे सांगतं? पौलाची सवय वेगळी आहे. ९:९ मध्ये नियमशास्त्राचा हवाला देताना तो मळणीच्या बैलाला मुसकी घालू नको हे वाक्यच उतरवतो, १४:२१ मध्ये यशयाचं वचन उतरवतो. इथे नुसतं ‘नियमशास्त्र सांगतं’ म्हणून पुढे सरकलंय. आणि घरी नवऱ्याला विचारा म्हणे. सातव्या अध्यायात हाच माणूस अविवाहित राहणं बरं असं सांगतो. त्या अविवाहित बायकांनी कुणाला विचारायचं? त्याच अध्यायात नवरा विश्वासी नसलेल्या बायकाही आहेत (७:१३). त्या बिचाऱ्या घरी जाऊन कुणाला काय विचारणार?

एवढ्यावरून कुणी वचनं उडवत नाही. नाहीतर प्रत्येक जण नावडतं वचन खोडत बसेल. खरा मुद्दा हस्तलिखितांचा आहे. बहुतेक ग्रीक हस्तलिखितांत ही वचनं ३३ नंतर येतात, पौलाच्या पत्रांच्या इ. स. २०० च्या आसपासच्या पपायरस ४६ या जुन्या प्रतीतसुद्धा. पण सहाव्या शतकातली क्लारोमोंटानुस ही प्रत, नवव्या शतकातल्या आउगिएन्सिस आणि बोएर्नेरिआनुस या प्रती, आणि चौथ्या शतकातला आम्ब्रोसिआस्टर या नावानं ओळखला जाणारा लॅटिन भाष्यकार, यांच्याकडे ती अध्यायाच्या अगदी शेवटी, ४० नंतर आहेत. म्हणजे तोच मजकूर, पण दोन ठिकाणी.

असं कशानं होतं हे जुन्या पोथ्या हाताळणाऱ्याला सांगावं लागत नाही. वाचणारा समासात काहीतरी लिहितो. पुढचा नकलकार ती पोथी समोर घेतो आणि समासातलं लिखाण सुटलेल्या ओळी आहेत असं समजून आत घेतो. एक जण एका जागी घालतो, दुसरा दुसऱ्या. आपल्याकडे ज्ञानेश्वरीच्या पोथ्यांना हेच दुखणं जडलं होतं, म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांना त्या ताडून शुद्ध प्रत करावी लागली.

हा युक्तिवाद नेटानं मांडला गॉर्डन फी यांनी, १९८७ च्या आपल्या भाष्यात. हे मुद्दाम सांगतोय, कारण पाळकसाहेब म्हणतील की हे सगळं बायबल न मानणाऱ्यांचं काम. फी पेंटेकॉस्टल होते, असेंब्लीज ऑफ गॉड या पंथातले. बायबलचा अधिकार मानणारा माणूस, आणि पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं, हा त्यांचा हातखंडा विषय.

विरुद्ध बाजूही कच्ची नाही. ही वचनं अजिबात नाहीत असं एकही हस्तलिखित आजवर मिळालेलं नाही, आणि हा मोठा अडथळा आहे. शेरा मजकुरात शिरला असेल तर तो फार लवकर शिरला असला पाहिजे, कारण इ. स. २०० च्या सुमारास टर्टुलियन हा ख्रिस्ती लेखक ही वचनं जाणतो, वापरतो. शेवटी ठेवणाऱ्या प्रती एकाच शाखेच्या आहेत, तेव्हा कुणा एका नकलकारानं ओघ सुधारायला ती खाली सरकवली असतील, असंही म्हणता येतं. ग्रीक पाठाच्या प्रमाण आवृत्त्यांनी वचनं जागच्या जागीच ठेवली आहेत. १९८९ च्या एनआरएसव्ही या इंग्रजी भाषांतरानं मात्र ३३ च्या उत्तरार्धापासून ३६ पर्यंतचा भाग कंसात टाकलाय.

वचनं पौलाचीच मानणाऱ्यांमध्येही एकमत नाही. नव्या कराराचे अभ्यासक डी. ए. कार्सन यांचं म्हणणं, बंदी फक्त संदेशांची पारख करण्यापुरती आहे, कारण २९ मध्ये तोच विषय आहे. स्वतः कार्सन स्त्रियांना मंडळीत अध्यापनाचा अधिकार देणारे नव्हेत, तरीही सरसकट मौन हा अर्थ त्यांनाही मान्य नाही. दुसरे अभ्यासक क्रेग कीनर यांच्या मते उपदेश चालू असताना मधेमधे प्रश्न विचारून व्यत्यय आणण्याला ही मनाई आहे. ‘घरी विचारा’ याच्याशी ते जुळतं खरं. आणखी काही जण म्हणतात की ३४-३५ हे करिंथकरांचंच म्हणणं आहे, पौल ते उद्धृत करतो आणि ३६ मध्ये फटकारतो. करिंथकरांनी त्याला पत्र पाठवलं होतं (७:१), त्यांची घोषवाक्यं तो इतरत्र घेतोही, ‘मला सर्व गोष्टींची मोकळीक आहे’ यासारखी (६:१२). कल्पना देखणी आहे, पण बाकीची घोषवाक्यं एका दमाची आहेत. दोन वचनांएवढं लांब, कारणांसकट आलेलं अवतरण मला पचत नाही.

पौलाच्या भोवतालच्या बायका पाहिल्या तरी चित्र तेच दिसतं. रोमकरांस पत्राच्या १६ व्या अध्यायात तो पहिली शिफारस करतो ती किंख्रियातल्या फीबीची, आणि ते पत्र तीच रोमला घेऊन गेली असं बहुतेक अभ्यासक मानतात. किंख्रिया म्हणजे करिंथचंच पूर्वेकडचं बंदर. तिथली बाई मंडळीची सेविका, आणि शेजारच्या शहरात बायकांना तोंड उघडायला बंदी?

पाळकसाहेब यावर १ तीमथ्य २:१२ पुढे करतील, ‘स्त्रीला शिकवण्याची परवानगी मी देत नाही’. ते पत्र पौलाचं आहे का याबद्दल श्लायरमाखर या जर्मन धर्मशास्त्रज्ञानं १८०७ मध्येच शंका घेतली होती, आणि आज बहुतेक चिकित्सक अभ्यासक ते पौलाच्या पश्चात त्याच्या नावानं लिहिलेलं मानतात. १ करिंथ १४ मधला शेरा लिहिणाराही याच वळणाचा असावा, इतकी दोन्हींची भाषा जवळची आहे. तुमच्या मंडळीत हे कुणी ऐकून घेणार नसेल तर त्याच अध्यायातलं २:९ वाचायला सांगा. तिथे बायकांना केस गुंफणं, सोनं, मोती वर्ज्य आहेत. लग्नाच्या उपासनेत त्या वचनाची आठवण कुणाला होत नाही.

बोलायला जाल तेव्हा सुरुवात ११:५ पासून करा. हस्तलिखितांचा विषय पहिल्याच भेटीत काढलात तर बोलणं ‘तुमचा बायबलवर विश्वास आहे की नाही’ इकडे वळेल, आणि त्या बहिणीचा संदेश राहील बाजूला.