सेडरचं आमंत्रण आणि तुझं उत्तर

प्रिय मुली,

न्यू जर्सीतल्या तुझ्या ज्यू सहकारी बाईंनी पेसाह सणाच्या सेडरला, म्हणजे त्या रात्रीच्या विधिवत जेवणाला बोलावलं, फार आनंद झाला. तुझा उत्तराचा मसुदाही वाचला. ‘आय ॲम ईगरली वेटिंग फॉर युअर फंक्शन’ यातला उत्साह मला कळतो, पण त्यांना तो तगाद्यासारखा वाटेल. ‘थँक यू फॉर इन्व्हायटिंग मी. आय ॲम रिअली लुकिंग फॉरवर्ड टू जॉइनिंग युअर सेडर’ असं लिही. ‘टू जॉइन’ नाही, ‘टू जॉइनिंग’. ‘आय कान्ट वेट’ जिवलग मैत्रिणीसाठी ठेव.

आणि कशाची उत्सुकता आहे तेही एका ओळीत सांग, तरच उत्तर मनापासूनचं वाटेल. त्यासाठी सण माहीत हवा. पेसाह म्हणजे मराठी बायबलातला वल्हांडण, मिसरच्या (इजिप्तच्या) गुलामीतून ज्यूंच्या सुटकेचा सण. सेडरला हागादा, म्हणजे त्या सुटकेच्या कथेची पोथी वाचतात, द्राक्षारसाचे चार प्याले होतात, घरातलं सर्वांत लहान मूल ‘आजची रात्र वेगळी का?’ म्हणून विचारतं. त्या प्रश्नांची उत्तरं म्हणजेच हागादातली गोष्ट. मला सगळ्यात हा भाग आवडतो: मोठ्यांनी सांगण्याआधी मुलानं विचारायचं. तुलाही ते ऐकायचं असेल तर तसंच लिही.

एक प्याला एलिया संदेष्ट्यासाठी भरतात आणि दार उघडतात. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्रायल ज्यू याच एलियाहू हन्नाबीच्या नावानं पोहे, खोबरं, साखर आणि फळांचा मलिदा करतात. हे बाईंना जरूर सांग, त्यांना बहुधा ठाऊक नसेल.

ब्रेड, केक, बिस्किटं मात्र नेऊ नकोस. या दिवसांत आंबवलेलं धान्य घरात ठेवतही नाहीत, खातात ती मात्झा, म्हणजे बिनखमिराची पातळ भाकरी. फुलं ने. आणखी काही न्यायचं मनात असेल तर ‘इज देअर एनीथिंग आय शुड ब्रिंग, ऑर अव्हॉइड ब्रिंगिंग?’ असं आधी विचार. निघण्यापूर्वी थोडं खाऊन घे. वाचन बरंच चालतं, जेवण उशिरा होतं.

घर धर्मनिष्ठ असेल तर सणाच्या पहिल्या दोन दिवसांत ते लोक फोन हाताळत नाहीत. म्हणून उत्तर सणाच्या सूर्यास्ताआधीच पाठव, जेवताना फोटो काढू नकोस, आणि आभाराचा संदेश ते दोन दिवस उलटल्यावर पाठव.

अनेक आशीर्वाद.